व्हायोलिनं उतरवल्यावर

कीथ मंबीने सही करायला नकार दिला तेव्हाच मी म्हटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

कीथ म्हणजे तो माणूस, ज्याने पस्तीसेक वर्षं त्या व्हायोलिनांच्या नावाने बोटं मोडली. क्लबात मोडली, रेडिओवर मोडली. आमच्या लेकीच्या, जॅनिसच्या लग्नात चार शब्द बोलायला उभा केला, तर तिथेही मोडली. "आमची रेकॉर्ड त्या व्हायोलिनांनी मारली," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि आता लंडनची कंपनी आपण होऊन म्हणतेय की तीच रेकॉर्ड आम्ही पुन्हा काढतो, व्हायोलिनं, कोरस, ट्रम्पेटं सगळं उतरवतो आणि तुम्ही तिघांनी एका खोलीत बसून जे वाजवलंत तेवढंच ठेवतो. तळलेल्या हॅडॉकवरचं कवच काढून नुसता मासा ताटात द्यावा तसं. तर हा गडी म्हणतो, "नको."

का नको, ते नाही. नुसतं नको.

तिघं म्हणजे 'नॉर्थ वॉल' बँड. कीथ गायचा आणि गिटार वाजवायचा, ट्रेव्ह बेस वाजवायचा आणि ड्रम्सवर माझा नवरा, डेस हार्टल. तिघंही ग्रिम्सबीच्या गोदीवरची पोरं, बापजादे बोटींवर. 'लास्ट बोट टू इमिंगहॅम' ही त्यांची एकच रेकॉर्ड चालली, पण अशी चालली की तुम्ही ऐकली नसेल तर तुमच्या थोरल्या भावाने ऐकली असेल. त्यातलं 'फ्रीमन स्ट्रीट' हे गाणं लोकांना पाठ आहे आणि त्यातही मधला ड्रम्सचा तुकडा. वर व्हायोलिनांचा एवढा चिखल, तरी तो तुकडा खालून उसळी मारतो. आमच्या क्लबात शनिवारी मटणाच्या बक्षिसाची सोडत झाली की कोणीतरी हमखास ओरडतं, "डेस, तुकडा!" मग डेस नाही-नाही म्हणत उठतो, क्लबाच्या खिळखिळ्या ड्रम्सवर बसतो आणि रेकॉर्डबरहुकूम वाजवतो, तिळमात्र फरक नाही. शेवट तर टाळ्यांतच बुडतो. सगळी उमर बोटीवर काढलेले, बायको गेली तरी न रडलेले बाप्ये बिअरचा ग्लास हातात धरून डोळे पुसतात. मी तिथे बसलेली असते आणि मला अंगावर मूठभर मांस चढतं. का चढू नये? नवरा माझाच आहे.

आता मला ती नवी रेकॉर्ड का हवी होती तेही सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डेसचे कान चालले होते. ड्रमरांचे जातातच. आधी टीव्हीचा आवाज वाढला, मग दारावरची घंटा ऐकू येईना, मग नातवंडं बोलली की नुसता हसून मान डोलवायला लागला. डॉक्टर म्हणाले, यंत्र लावू, पण उतार थांबायचा नाही. माझ्या मनात एकच होतं. याचे कान पुरते मिटायच्या आत याने एकदा स्वतःला ऐकावं. व्हायोलिनांशिवाय. तरणा असताना आपण काय वाजवलं ते स्वच्छ ऐकावं आणि मग खुशाल बहिरं व्हावं. त्यासाठी तिघांच्या सह्या हव्या होत्या. डेसची मी करून घेतली होती आणि कीथ अडून बसला होता.

माझा स्वभाव संशयी आहे, हे सगळं ग्रिम्सबी सांगेल. मासळीच्या कारखान्यात उभा जन्म गेला, कल्ला उघडून पाहिल्याशिवाय मी मासा ताजा म्हणत नाही. कीथचाही कल्ला उघडायचा मी ठरवलं.

आधी वाटलं, याचा गळा. त्या वेळी बेसूर गायला असणार, व्हायोलिनांनी झाकून घेतलं असणार आणि आता उघडं पडायची भीती. मग वाटलं, छे, हा मत्सर आहे. व्हायोलिनं गेली की डेसचा हात पुढे येणार, लोक डेसचं नाव घेणार, आणि कीथला ते कधी पचलंय? सगळ्या फोटोत मध्ये कोण उभा आहे बघा. मग वाटलं, दुसऱ्या कुठल्या कंपनीशी याचं परस्पर साटंलोटं आहे. आठवडाभर भांडी घासताना मी कीथला एकेका गुन्ह्याखाली आत टाकत होते.

त्याचं वागणंही तसंच. घरी फोन करायचा, मी उचलला की आवाज घोगरा काढून म्हणायचा, "राँग नंबर."

"कीथ, तुझा आवाज विशीपासून ओळखते मी," मी म्हटलं.

"नाही बाई, राँग नंबर," म्हणाला आणि ठेवला.

ट्रेव्हकडे गेले. तो बागेत कांदे लावत होता. म्हटलं, "तू सही केलीस का?"

"कीथ करेल तेव्हा मी करेन."

"आणि कीथ का करत नाही?"

"कीथचं कीथला ठाऊक."

"ट्रेव्ह, माझ्याकडे बघून बोल."

तो कांद्याकडे बघून म्हणाला, "नोरीन, काही गोष्टी आहेत तशा बऱ्या असतात गं." ट्रेव्हच्या तोंडून अख्ख्या वर्षात एवढं लांब वाक्य निघत नाही. माझा संशय पक्का झाला. दोघं मिळून काहीतरी शिजवत होते आणि ते माझ्या भोळ्या नवऱ्यापासून लपवत होते.

भोळाच तो. त्याला म्हटलं, "अरे, तुझे मित्र तुझ्या ताटात माती कालवतायत."

तो चहाची वाट बघत टेबलावर बोटं वाजवत होता. त्याची ही खोड जुनी. दोन बोटांनी काहीतरी धरायचं, रंगवायचं आणि संपता संपता बशीच्या काठावर एक ठोका जास्तीचा मारायचा, टक. लग्न झालं तेव्हा त्या टकने माझं डोकं उठायचं. आता तो कधी चुकला तर मी स्वयंपाकघरातून डोकावते.

"कालवू दे," तो म्हणाला. "व्हायोलिनांचं काय वाईट आहे? मला आवडतात." टक.

"तुला आवडतात? अख्ख्या इंग्लंडात तू एकटा असशील!"

"चहा टाकलास का?"

हे असं. पण रेकॉर्ड निघाली त्या वेळचं सगळं माझ्या डोळ्यांपुढे आहे. मी पोटुशी होते, दिवस भरत आलेले आणि हे तिघे लंडनला रेकॉर्डिंगला. आमच्या गल्लीत बाळंतपणाला नवरा घरी असणं ही गोष्टच नव्हती. माझ्या आईच्या पाच वेळांना बाबा समुद्रावर होते, बहिणीचा नवरा आइसलंडच्या वाटेवर होता. आणि माझा डेस, काम अर्धं टाकून, रात्रभर गाडीत उभं राहून, सकाळी दारात हजर! "माझे ड्रम्स झाले," म्हणाला. "लॅसेल्ससाहेबांनी सोडलं. म्हणाले, बायकोपाशी जा." हे लॅसेल्स म्हणजे रेकॉर्ड काढणारे, मोठ्या घरचे, रेशमी रुमालवाले. व्हायोलिनं चढवली म्हणून सगळ्यांनी त्यांना शिव्या दिल्या, पण मी कधी दिली नाही. त्यांनी माझा नवरा मला वेळेवर पाठवला होता. जॅनिस झाली तेव्हा तो खाली जिन्यात बसून होता, हे मी बायकांना किती वेळा सांगितलंय त्याला गणती नाही.

पुढे रेकॉर्ड छापून घरी आली. जॅनिस तान्ही, तिला नुकतं निजवावं आणि याने पुढच्या खोलीत मांडीवर उशी घेऊन, हातात स्टिक्स धरून तोच तुकडा लावावा. सुई उचलायची, मागे ठेवायची. उचलायची, मागे ठेवायची. दिवसचे दिवस. मी एकदा वैतागून म्हटलं, "किती आरती ओवाळून घेशील स्वतःची? आपलंच वाजवलेलं काय ऐकायचं एवढं?" तो म्हणाला, "लोक रेकॉर्ड ऐकून येतात गं. स्टेजवर तसंच यायला हवं." मी म्हटलं, पुरुषांना आरसा दाखवला की असंच होतं. ती उशी अजून आहे, तिचं पोट एका बाजूला बसलेलं आहे.

तर मी बेत केला. कंपनीतर्फे हे काम एक इमोजेन नावाची पोरगी बघत होती, लंडनची, गोड बोलणारी. तिला मी फोन केला. म्हटलं, "व्हायोलिनं काढलेलं काही तयार आहे का तुमच्याकडे?"

"आहे ना, मिसेस हार्टल! 'फ्रीमन स्ट्रीट' तयार आहे. तुम्ही ऐकाल ना, तर वेड लागेल. ड्रम्स तर काय सांगू!"

"मग घेऊन ये ते. मंगळवारी. कीथला मी बोलावते. त्याच्या तोंडावर लावू आणि सही घेऊ."

मंगळवार मी मुद्दाम धरला होता. त्या दिवशी डेसला कानाची यंत्रं मिळणार होती. ट्रेव्ह त्याला गाडीतून इस्पितळात नेणार होता. कीथला कळवलं की डेसबद्दल बोलायचंय, येऊन जा. हेही खोटं नव्हतं.

कीथ आला तो चांगला कोट घालून, हातात माझ्यासाठी बिस्किटांचा डबा. आत इमोजेन बसलेली बघितली आणि तिच्या मांडीवरची ती सीडीची चकती बघितली, आणि त्याचा चेहराच उतरला.

"हे काय, नोरीन?"

"बस."

"डेस कुठाय?"

"कानाला गेलाय. बस म्हटलं ना."

"ते लावू नकोस."

"का?"

"उगीच... जुनं उकरून काय करायचंय?"

"जुनं काय आहे ते कळू दे की. की गळा फाटलाय तुझा त्यात? फाटला असेल तर आम्ही कोणाला सांगणार नाही, पोरी, हो ना?"

इमोजेन घाईघाईने म्हणाली, "नाही नाही, मिस्टर मंबी, तुमचा आवाज सुंदर आहे त्यात."

"ऐक. सुंदर आहे म्हणते," मी म्हटलं आणि तिच्या हातातली चकती घेऊन यंत्रात सरकवली. कीथ अर्धा उठला होता तो तसाच वाकून राहिला.

खरं सांगते, पहिल्या सुरालाच मी यंत्राकडे झुकले. इतकी वर्षं खिडकीवर जाड पडदा होता आणि कोणीतरी तो ओढला. गिटारच्या तारेवर बोट घासलेलं ऐकू येत होतं. कीथचा श्वास ऐकू येत होता. आवाज खरंच सुंदर होता, कोवळा, घाबरलेला. म्हणजे गळ्याचा संशय गेला. मी त्याच्याकडे बघितलं. तो गालिच्याकडे बघत होता.

मग तुकडा आला. मी डोळे मिटले. काय स्वच्छ हात! पाण्यासारखा वाहत गेला, वर चढला, उतरला, आणि थांबला.

मी डोळे उघडले. काहीतरी चुकत होतं. काय ते मला चटकन सापडेना. जिना उतरताना शेवटची पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं झालं.

"परत लाव," मी म्हटलं.

इमोजेनने मागे घेतलं, पण जरा जास्तच मागे गेलं, गाण्याच्याही अगोदर. खोलीतली खुर्ची करकरली, कोणी खोकलं आणि लॅसेल्ससाहेबांचा तो उंची आवाज आला, "तयार, लेन?" आणि दुसरा एक आवाज, लंडनच्या पूर्वेकडचा, म्हणाला, "चला." मग स्टिक्सचे चार ठोके.

कीथने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

इमोजेन बिचारी हसतच होती. "मला हे इतकं आवडलं ना! लेन हे मिस्टर हार्टलना लाडाने म्हणायचे का?"

मी यंत्र बंद केलं. म्हटलं, "लेन कोण, कीथ?"

तो बिस्किटांच्या डब्याचं झाकण चाचपू लागला.

"मी विचारतेय, माझ्या नवऱ्याच्या ड्रम्सवर बसलेला हा लेन कोण?"

"भाड्याने आणलेला वादक," कीथ म्हणाला. "त्या काळी ठेवायचे असे. सकाळी एका बँडचं वाजवायचे, दुपारी दुसऱ्याचं. रेकॉर्डवर नाव नाही, कुठे बोलायचं नाही. लॅसेल्सला डेसचं पसंत पडलं नव्हतं. म्हणाला, हात चांगला आहे, पण दर वेळी शेवटी एक ठोका जास्त मारतो. सांगून बघितलं, तरी मारतो. असं चालायचं नाही."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"आम्ही विशीतली पोरं होतो गं! तो म्हणाला, हे असं, नाहीतर गोदीवर परत. डेसला म्हणाला, तुझे ड्रम्स झाले, बायको अडलीय तर घरी जा. आम्ही त्याला गाडीत बसवून आलो. दुसऱ्या दिवशी लेन आला आणि सगळं पहिल्यापासून वाजवलं."

मला कळायला जरा वेळ लागला. मग कळलं. रात्रभर गाडीत उभा राहून आलेला माझा नवरा. जिन्यात बसलेला माझा नवरा. ज्या एका गोष्टीवर मी गल्लीतल्या बायकांपुढे जन्मभर मिरवले, ती गोष्ट म्हणजे हे होतं. त्याला कोणी सोडलं नव्हतं, घालवलं होतं. मला इतका संताप आला आणि इतकी लाज वाटली की कीथला मारावं की आपण मोरीत जाऊन रडावं ते ठरेना. मी त्याचा बिस्किटांचा डबा उचलून त्याच्याच मांडीवर आपटला.

"आणि व्हायोलिनं?"

"ती मी मागितली," कीथ म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "लॅसेल्सला म्हटलं, तुला काय चढवायचं ते चढव, पण ड्रम्स बुडव. डेसला ओळखू येता कामा नये. जेवढं चढवलं तेवढं मला कमीच वाटत होतं. आणि मग जन्मभर त्यांना शिव्या दिल्या, म्हणजे लोकांनी व्हायोलिनांबद्दलच बोलावं. खालचं कोणी विचारू नये."

मी खाली बसले. ज्या माणसाला मी आठवडाभर चोर ठरवला होता तो माझ्याच नवऱ्याची राखण करत होता, आणि तोच चोरही होता. संशय घ्यायला कोणीतरी एक पक्का चोर असावा लागतो, तोही राहिला नाही.

"हे निघायचं नाही," मी इमोजेनला म्हटलं. "कळलं? तुझ्या कंपनीला सांग, बाई वेडी आहे, सही फाडली. ही चकती घे आणि चार वाजताची गाडी पकड. त्याला कळता कामा नये."

"पण मिसेस हार्टल, हे तर रेकॉर्डवरचं सगळ्यात—"

"पोरी, तो माणूस दर शनिवारी तो तुकडा वाजवतो. गाव उठून उभं राहतं. हे त्याच्याकडून काढून घेतलं तर त्याच्याकडे राहतं काय? कानसुद्धा नाहीत!"

बाहेर ट्रेव्हच्या गाडीचं दार वाजलं.

माझी अशी धांदल उडाली की विचारू नका. कीथ कोट घालायला लागला तो उलटा. मी चकती काढायला बटण दाबलं, तर यंत्र चालूच झालं. दुसरं दाबलं तर आवाज वाढला. आणि सगळ्या घरभर, पडदे हलतील असा, तो तुकडा सुरू झाला.

डेस दारात उभा होता. अंगावर कोट तसाच, टोपी हातात, दोन्ही कानांत नवी यंत्रं. मागे ट्रेव्ह, त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं. मी बटणं दाबायचं सोडून दिलं. डेसला आता सगळं ऐकू येत होतं, हे तर त्याच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. त्याने मान जरा तिरपी केली आणि दाराच्या चौकटीवर दोन बोटांनी सोबत वाजवू लागला. बरोबर, जसंच्या तसं. तुकडा संपला तशी त्याची बोटंही थांबली.

"मागे घे गं," तो इमोजेनला म्हणाला. "सुरुवातीपासून."

तिने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? तिने घेतलं. खुर्ची करकरली, खोकला आला आणि लॅसेल्ससाहेब म्हणाले, "तयार, लेन?"

"लेन," डेस म्हणाला. "लेन होय! इतकी वर्षं मी त्याला मनात जॅक म्हणत होतो."

कीथ जागच्या जागी हलला. "तुला माहीत होतं?"

"अरे शहाण्या," डेस म्हणाला, कोटाची बटणं काढत, "जे आपण वाजवलं ते कोणाला शिकावं लागतं का? मी उशीवर बसवला तो हात. बोटांना फोड आले. नोरीनला विचार."

मला विचारायचं काम नव्हतं. ती उशी माझ्या पाठीमागे होती. सगळ्या जगावर संशय घेणारी मी, आणि माझ्या पुढच्या खोलीत, माझ्या डोळ्यांदेखत, एक माणूस दुसऱ्याचा हात उशीवर घोकत होता आणि मी त्याला आरती ओवाळतोस म्हणाले होते.

"बोलला का नाहीस?" कीथ म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता.

"तुम्ही एवढी व्हायोलिनं चढवलीत," डेस म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला नाही बोललेलं हवंय."

ट्रेव्ह दारातच पाठ फिरवून नाक शिंकरू लागला.

मला एकच विचारायचं होतं आणि ते मी सगळ्यांसमोर विचारलं. "जॅनिसच्या वेळी आलास, तेव्हा ठाऊक होतं?"

"नाही गं," तो म्हणाला. "तेव्हा मी नुसता खूश होतो. लॅसेल्स देवमाणूस आहे असं सांगत आलो ना तुला? ते खरंच वाटत होतं." मग कोट काढत म्हणाला, "त्या जिन्याचं काही बदलायचं नाही हं."

मी मान हलवली.

डेस आपल्या खुर्चीवर बसला. "कीथ, सही कर. ट्रेव्ह, तूही. पोरी, कव्हरवर ड्रम्सच्या पुढे काय लिहिणार आहेस?"

"तुमचं नाव, मिस्टर हार्टल."

"माझं खोड. आडनाव काय होतं रे त्याचं?"

"पास्को," कीथ म्हणाला.

"लेन पास्को. असं घाल. शनिवारी क्लबातही सांगतो. त्या माणसाच्या हातावर मला लोकांनी जन्मभर बिअर पाजली, त्याचं नाव तरी लोकांना कळू दे."

"डेस," मी म्हटलं, "लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. आता ऐकू येतं मला." तो हसला. पण एरवी वाजत असणारी ती दोन बोटं त्याने मुठीत घट्ट धरली होती, ते मी बघितलं. एवढं सोपं नव्हतं त्याला. एवढ्या वर्षांचं ओझं उतरवताना माणूस हलका होतो की उघडा पडतो, मला सांगता येणार नाही.

"एकदा लाव अजून," तो म्हणाला.

कोणी उठून गेलं नाही. कीथ उलटा कोट घालून सोफ्याच्या कडेला, ट्रेव्ह दाराशी, पोरगी जमिनीवर. कीथचा तो कोवळा आवाज पुन्हा आला. डेस डोळे मिटून ऐकत होता. तुकडा वाहत आला, चढला, उतरला, थांबला.

"इथे," डेस हळूच म्हणाला. "इथे मी एक जास्त मारला असता."

"मग मार की," कीथ म्हणाला.

डेसने माझ्याकडे बघितलं. मी पाठीमागची उशी काढली, तिचं बसलेलं पोट थोपटून नीट केलं आणि त्याच्या मांडीवर ठेवली. इमोजेनने गाणं मागे घेतलं. तुकडा संपला, आणि खोलीत टक झालं.